बरडावरचं खळं

आंजीच्या फाट्यावर बसमधून उतरली की शरयू डबीर आधी पदर झटकायची. धूळ असो नसो, झटकायचीच. गाव आपल्याला चिकटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. वर्ध्याच्या एका कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवत होती आणि तिथून घरी आल्यावरही ती असाच पदर झटकायची, कारण तिच्या मते कॉलेजातली मंडळी गावातल्या मंडळींपेक्षा फक्त धुतलेले कपडे घालत होती. प्राचार्यांना तुळस आणि सब्जा यांतला फरक कळत नव्हता. ग्रंथपाल पुस्तकं उंचीप्रमाणे लावायचा. बाकीचे प्राध्यापक मुलींची लग्नं आणि संत्र्याचा भाव यांपलीकडे तोंड उघडत नसत. चौतिसाव्या वर्षी शरयूने माणसांचा नाद सोडून दिला होता आणि ती दगडांकडे वळली होती. दगड निदान आपलं मत सांगायला येत नाहीत.

हे दगड आंजीच्या उत्तरेला होते. तिथे गावाचं बरड होतं. खाली काळा पाषाण, वर मुरमाचा पातळ थर, मधेमधे उंचवटे, खोलगे, भेगा आणि जिकडेतिकडे गोलमटोल गोटे. मालगुजाराची गावावरची मालकी जाऊन पाचेक वर्षं झाली होती. तेव्हापासून बरड सरकारच्या नावावर होतं, म्हणजे कोणाचंच नव्हतं. पेरायला निकामी, चरायला निकामी. गावाने त्याच्याकडे पाहणं कधीच सोडलं होतं. त्यातला गोठ्याएवढा एक तुकडा शरयूने काट्यांचं कुंपण घालून अडवला होता आणि चार पावसाळे ती सुटीच्या दिवशी तिथे येऊन उकिडवी बसत होती.

तिने जे पाहिलं होतं, ते सांगायला सोपं आणि दिसायला अवघड होतं. बरडावर बी सगळीकडे पडतं. वारा टाकतो, पाखरं टाकतात, शेळ्या लेंड्यांतून टाकतात. पण जगतं ते ठरावीक जागीच. उंचवट्यावरचं बी जोराच्या सरीबरोबर वाहून जातं, आणि राहिलंच तर चार दिवसांच्या उघडिपीत करपतं. खोलग्याच्या तळाशी पडलेलं बी भर पावसात पाण्याखाली कुजतं. जगतं ते खोलग्याच्या कडेला, जिथे ओल येते पण पाणी साचत नाही. नाहीतर गोट्याच्या वरच्या अंगाला, जिथे वाहून आलेली माती अडते आणि बोटभर सावली पडते. वीतभर इकडे जगणं, वीतभर तिकडे मरण. हिवराचं एक काटेरी रोप तर बैलाच्या खुराच्या जुन्या ठशात उगवलं होतं आणि तीन उन्हाळे काढून गुडघ्याएवढं झालं होतं. शरयूचं त्या रोपावर प्रेम होतं. हे तिने कोणाजवळ कबूल केलं नसतं, पण होतं.

हे पाहायचं कसं, ते तिला शिकवलं डॉ. श्रीनिवास पांढरीपांडे यांनी. नागपूरच्या एका सभागृहात त्यांचं व्याख्यान तिने ऐकलं होतं. परदेशात जाऊन, ज्वालामुखीतून ओतलेल्या ताज्या खडकावर पहिलं हिरवं पान कुठे धरतं, हे त्यांनी वर्षभर पाहिलं होतं. आपल्या पायाखालचा काळा दगडही एके काळी असाच तापलेला रस होता, ते म्हणाले, आणि त्याच्यावर हातभर उंच काय आणि हातभर खोल काय, यावर रानाचं नशीब ठरतं. बाकीचे श्रोते चहा केव्हा येतो याकडे डोळे लावून बसले होते. शरयू मात्र थरारली होती. दुसऱ्याच आठवड्यात ती त्यांच्याकडे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या हाताखाली डॉक्टरेटचं काम करू लागली.

अख्ख्या प्रांतात हा एकच माणूस तिच्या तिरस्कारातून सुटला होता. चार वर्षांत ते एकदाही आंजीला आले नव्हते, पण मोठ्या माणसाला सवड कुठली, असं ती स्वतःच स्वतःला समजावायची. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तिने त्याची साल काढली असती. आता काम पुरं होत आलं होतं. डॉक्टर स्वतः जागा पाहणार, खूण पटली तर प्रबंध सादर करायला सांगणार, आणि त्यापाठोपाठ नागपुरात त्यांच्याच विभागात एक जागा रिकामी होती तिचंही नक्की होणार. शरयूला नागपूर हवं होतं. पण त्याहून जास्त तिला दुसरंच काही हवं होतं. चार वर्षं तिने एकटीने जे पाहिलं, ते कळणाऱ्या एका माणसाने एकदा वाकून पाहावं आणि 'हो, आहे' म्हणावं, यासाठी तिचा जीव तुटत होता.

गावाने तिला विचारलं नव्हतं असं नाही. शाळेचे हेडमास्तर बापूराव यांनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. बापूराव म्हणजे खादीचा सदरा, तोंडभर हसू आणि डोक्यात श्रमदान. पवनारच्या आश्रमात एकदा जाऊन आल्यापासून त्यांनी गावाची एकही नाली स्वस्थ बसू दिली नव्हती. दर शनिवारी सगळ्या गावाच्या हातात फावडी देऊन ते काही ना काही साफ करायचे.

"बाई, आमच्या बरडावर काय शोधून राह्यल्या?"

"अक्कल," शरयू म्हणाली. "गावात दिसली नाही, म्हटलं तिथे तरी असेल."

बापूराव मनापासून हसले. त्यांना राग येत नसे, आणि हेच तिला सगळ्यात असह्य व्हायचं. रागवायलाही थोडी बुद्धी लागते, असं तिचं मत होतं.

बरडाच्या पायथ्याशी चतुराबाईची वाडी होती. वांगी, मेथी, कोथिंबीर. नवरा तानबा माल घेऊन वर्ध्याच्या बाजारात जायचा आणि ती दिवसभर मोटेच्या पाण्यामागे पळायची. शरयूला तहान लागली की चतुराबाईच तांब्या आणून द्यायची, आणि गावच्या शेळ्या कुंपणाशी आल्या की तीच धावून हाकलायची. का हाकलायच्या, हे तिला ठाऊक नव्हतं. बाई हाकलतात म्हणून ती हाकलत होती. तिनेही एकदा विचारून पाहिलं.

"बाई, या गोट्याइत काय पायता वं?"

"तुम्हाला सांगून काय उपयोग? कळायला चार बुकं शिकावी लागतात."

"हाव, थेही खरंच हाय," चतुराबाई म्हणाली आणि शेळीमागे गेली. शरयूला वाटलं, चला, एक प्रश्न मिटला.

दसरा होऊन गेला आणि डॉक्टरांचा निरोप आला की येत्या रविवारी ते येतील. शरयूने फाट्यावर बापूरावांना गाठलं. बस सुरू झाली होती आणि तिचा एक पाय पायरीवर होता.

"रविवारी नागपूरचे फार मोठे डॉक्टर माझी जागा पाहायला येणार आहेत. गावाची लाज राखा म्हणजे झालं."

पोरं तिकडे धुडगूस घालायला येऊ नयेत, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण एवढं फोडून सांगायला ती काही बालवाडीची बाई नव्हती. बसने धूळ उडवली आणि बापूराव त्या धुळीत हात जोडून उभे राहिले.

शनिवारी दुपारी, एकदा नजर टाकून यावं म्हणून ती आली. वाडीच्या बांधावरून वर पाहताच तिला वाटलं की आपण चुकीच्या टेकाडाकडे पाहतोय. बरडाच्या पाठीवर एक गुळगुळीत, तपकिरी चौकोन दिसत होता. तिने पावलं उचलली. मग ती धावू लागली. ती धावते हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

कुंपण नव्हतं. गोटे नव्हते, म्हणजे होते, पण चौकोनाच्या कडेने ओळीने मांडून चुना फासलेले. खोलगे बैलगाडीने आणलेल्या काळ्या मातीने भरून टाकले होते. उंचवटे टिकासाने फोडून उतरवले होते. वर पाणी मारून, धुमसाने ठोकून, शेणाने असं सारवलं होतं की त्यावर ज्वारी सांडली असती तर दाणा न् दाणा वेचता आला असता. मधोमध रांगोळीचं कमळ होतं. चौकोनाच्या चारी बाजूंनी गाव उभं होतं, घामाने निथळत, आणि लग्नघरच्या यजमानासारखं तिच्या तोंडाकडे पाहत.

चतुराबाईचे हात कोपरापर्यंत शेणाने भरले होते. ती पुढे आली.

"पाय धुऊन येजो बाई, वलं हाय अजून."

"हे काय केलंत?" शरयूने विचारलं.

"श्रमदान!" बापूराव म्हणाले. "सकाळपासून सारं गाव लागलं होतं. एवढा मोठा माणूस येऊन राह्यला, त्याले का काट्या अन् गोटे दाखवाचे? तुमी लाज राखा म्हटलं होतं, गावानं राखली."

"खळं केलंत तुम्ही माझं. खळं!"

"हाव बाई, खळंच केलं," चतुराबाई कौतुकाने म्हणाली. "असं खळं त आमी मालगुजाराले बी नाई करून देलं."

मग शरयूने तोंड सोडलं. चार वर्षं थेंबाथेंबाने खर्च केलेला तिरस्कार तिने एकाच वेळी ओतला. गाढवं म्हणाली, शेणातले किडे म्हणाली, तुमच्या सात पिढ्या ढेकळं फोडण्यात गेल्या आणि पुढच्या सातही जातील म्हणाली. तुम्हाला चुलीशिवाय काही सारवता येत नाही आणि डोक्याशिवाय काही भरायचं उरलेलं नाही, असंही काहीतरी म्हणाली, ज्याचा अर्थ तिलाही नंतर लागला नसता. गाव मुकाट ऐकत होतं. पाहुणा यायच्या आदल्या दिवशी घरच्या बाईचं डोकं फिरतंच, हे त्यांना माहीत होतं.

"तिथे एक हिवराचं रोप होतं," ती शेवटी म्हणाली. "त्या कोपऱ्यात. एवढं. ते कुठे आहे?"

बापूरावांनी चतुराबाईकडे पाहिलं. मग चतुराबाई म्हणाली, "थे मीच उपटलं बाई. काटे होते त्याले. म्हटलं, सायबाच्या पायात घुसन."

शरयू तिथेच, चुना लावलेल्या एका गोट्यावर बसली आणि रडली. पांढऱ्या साडीला चुना लागला, नाक वाहिलं, हुंदके आले. एवढ्या लोकांसमोर, आणि तेही असल्या लोकांसमोर, आपण रडतोय याची तिला भयंकर लाज वाटली आणि त्यामुळे आणखी रडू आलं.

शिव्या गावाने सहज पचवल्या होत्या, पण हे रडणं त्यांना झेपेना. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बापूरावांचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "आमचं काही चुकलं का बाई?" त्यांनी विचारलं. शरयूने मान वर केली नाही.

"खड्डे होते, गोटे होते. रोपं होती खड्ड्यांत. तेच दाखवायचं होतं मला. तेच सगळं होतं."

"एवढंच ना?" चतुराबाई तिच्यासमोर उकिडवी बसली. "रडू नका बाई. तुमाले घान पायजे होती, आमाले मालूम नोतं. आमी परत घान करून देतो."

शरयू हसलीही असती, पण तेवढं बळ नव्हतं. "करा," ती म्हणाली. "काय वाटेल ते करा." आणि उठून खाली उतरली. पाठीमागे बापूरावांचा आवाज येत होता. फावडी पुन्हा वाटली जात होती.

त्या संध्याकाळी बसमध्ये तिने ठरवून टाकलं. डॉक्टरांना खरं सांगायचं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. खोटं बोलायला समोरच्याच्या मताची किंमत वाटावी लागते, आणि आजवर तिला कोणाच्याच मताची किंमत वाटली नव्हती, त्यामुळे खऱ्याची सवय आपोआप लागली होती. आणि डॉक्टरांपासून तर लपवायचंच काय? ते हळहळतील. दोघं मिळून त्या अडाण्यांच्या कर्तृत्वावर हसतील. आणखी चार पावसाळे लागतील, ते म्हणतील, धीर धरा. या कल्पनेने तिला थोडं बरंही वाटलं.

रविवारी सकाळी वर्ध्याच्या विश्रामगृहापासून ती डॉक्टरांच्या जीपमध्ये मागे बसली. डॉक्टर पुढे, ड्रायव्हरशेजारी. गाडी सुरू होताच त्यांनी आपल्या गुडघ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. गुडघा ज्वालामुखीच्या उतारावर दुखावला होता. तिथून ते ज्वालामुखीवर गेले, तिथून तिथल्या कॉफीवर, आणि कॉफीवरून आपल्या सुनेला कॉफी कशी जमत नाही यावर.

"सर, एक सांगायचं होतं," शरयू म्हणाली. "जागेवर काल एक अपघात झालाय."

"अपघात होणारच. रस्ते पाहिलेत ना? या सरकारात तुम्हाला..." आणि मग सरकार.

तिने दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेव्हा ते साडूबद्दल सांगत होते. साडू पुलगावला होता आणि आज दुपारचं जेवण त्याच्याकडे होतं. तो जेवायला वेळेवर बसतो, तेव्हा आपल्याला लवकर निघायला हवं. शरयूने तोंड मिटलं. वर गेल्यावर सांगू. ते स्वतःच पाहतील. पाहिल्यावर त्यांना सांगावं लागणारच नाही.

बरडावर चढताना तिचा जीव टांगणीला लागला होता. वर पोचली आणि तिला हसावं की पळून जावं ते कळेना.

गावाने घाण करून दिली होती. सारवलेल्या चौकोनात त्यांनी टिकासाने खड्डे खणले होते, सगळे टोपलीच्या मापाचे, आणि ते बापूरावांच्या शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी राहतात तसे सरळ रांगांत. गोटे पुन्हा आणून टाकले होते, चुन्याची बाजू खाली करून. काहींच्या बाबतीत ते विसरले होते. आणि प्रत्येक खड्ड्यात एक रोप होतं. रोप कसलं, डहाळी. पहाटे कापून आणलेली कडुनिंबाची, हिवराची, पळसाची डहाळी, ओल्या मातीत खोचून दाबलेली, पाणी मारून टवटवीत केलेली. एका खड्ड्यात तर चतुराबाईने आपल्या वाडीतलं वांग्याचं रोप लावलं होतं. मधल्या जागेत शेणाचे पापुद्रे उन्हात चमकत होते. मूर्खपणाचं एवढं मोठं, एवढं मेहनती प्रदर्शन शरयूने जन्मात पाहिलं नव्हतं.

डॉक्टर कडेला उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला. ते एका खड्ड्यावर किंचित वाकले, गुडघा आठवून पुन्हा सरळ झाले.

"वा," डॉक्टर म्हणाले.

तिला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"वा! मी म्हटलं होतं तेच. अगदी तेच. खोलग्यात रोप, उंचवट्यावर काही नाही. पाहिलंत? इतकं स्वच्छ उदाहरण मला परदेशातही मिळालं नव्हतं." त्यांनी हातातली काठी रांगांकडे रोखली. "आणि अंतर पाहा, किती सारखं. निसर्गाला शिस्त असते, मिस डबीर. सामान्य माणसाला ती दिसत नाही."

"हो सायेब," बापूराव आनंदाने म्हणाले.

डॉक्टर वांग्यापाशी थांबले. "आणि हे? रिंगणीच्या जातीतलं काही रानटी दिसतंय. याची वेगळी नोंद करा."

चतुराबाईने पदर तोंडाला लावला. शरयूने तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या घशात एक वाक्य आलं होतं. सर, एक उपटून पाहा. एवढंच. चार शब्दांचं काम. ज्या तोंडाने तिने प्राचार्यांना, ग्रंथपालाला, गावाच्या सात पिढ्यांना वाट्टेल ते ऐकवलं होतं, त्या तोंडाला हे चार शब्द जड नव्हते. तिला तो माणूस आता आरपार दिसत होता. त्याने चार वर्षं इथे यायचं टाळलं होतं, कारण त्याला काही पाहायचंच नव्हतं. त्याला फक्त आपलं बरोबर असलेलं ऐकायचं होतं. ज्वालामुखीवर तरी याने काय पाहिलं असेल, देव जाणे. तिला त्याची किळस आली. आणि तरीही वाक्य घशातच राहिलं, कारण डॉक्टर पुढे बोलत होते.

"प्रबंध पुढच्या महिन्यात देऊन टाका. आता थांबायचं कारण नाही. आणि विभागातल्या त्या जागेसाठी मी तुमचंच नाव सुचवतोय. तुमच्यासारखी नजर असलेली माणसं कुठे मिळतात हल्ली?"

शरयू म्हणाली, "तुमची कृपा आहे, सर."

ती हे म्हणाली, आणि हात जोडून म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

ऊन वर येऊ लागलं. आश्विनातलं ऊन बरडावर लवकर तापतं. तिची नजर पुढच्या रांगेतल्या पळसाकडे गेली. एक पान मान टाकत होतं. त्याच्या शेजारचं कडुनिंबही सैलावलं होतं. अजून थोडा वेळ, आणि सगळी रांगच्या रांग झुकणार होती. डॉक्टर मात्र आरामात काठीवर रेलून बापूरावांना लाव्ह्याबद्दल सांगायला लागले होते.

"सर, ऊन लागेल," ती घाईने म्हणाली. "आणि पुलगावला पोचायचंय. साडू वाट पाहत असतील."

"अरे हो!"

"इकडून उतरू या. इकडून उतार कमी आहे. तुमचा गुडघा..." तिने चक्क त्यांचा हात धरला. त्यांची पाठ रोपांकडे होईल अशी ती त्यांना वळवून, गोड बोलत, एकेक पाऊल सांभाळत खाली घेऊन आली. सासऱ्यालाही कोणी इतक्या आदराने उतरवलं नसेल. डॉक्टर फार खूश झाले. शरयूला वर्ध्याला बसने जावं लागेल याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि जीप पुलगावच्या वाटेला लागली.

गावाने गूळ वाटला. बापूरावांनी छोटंसं भाषण केलं. गावाच्या श्रमाने एक विदुषी डॉक्टर होणार, वगैरे. शरयूने हातावर गुळाचा खडा घेतला आणि तो तसाच मुठीत ठेवून ती पुन्हा वर चढली.

वर चतुराबाई होती. घागरीतून डहाळ्यांना पाणी घालत होती. एव्हाना सगळ्यांनी माना टाकल्या होत्या.

"जगतीन का वं बाई?"

"मुळं नाहीत त्यांना, चतुराबाई. कशी जगतील?"

"तरी बी. घालून पायतो."

शरयू जवळ बसली. काय झालं कोण जाणे, ती सांगू लागली. बी कुठून येतं, कुठे वाहून जातं, कुठे कुजतं. खोलग्याची कड म्हणजे काय. गोट्याच्या वरच्या अंगाला माती कशी अडते. बैलाच्या खुराचा ठसा केवढा असतो आणि त्यात एक झाड कसं मावतं. बोलताना ती बोटाने शेणाच्या थरावर रेघा ओढत होती. चार वर्षांत तिने हे एकदाही कोणाला तोंडाने सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायला फार वेळही लागला नाही. कुठलीही चार बुकं लागली नाहीत.

चतुराबाई घागर टेकवून ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मंग थे सारं आमीच मारलं."

"हो."

"थो हिवर बी."

"हो."

चतुराबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून शेण होतं. "तुमी आधी बोलल्या असत्या त मी काट्याले हात नसता लावला," ती म्हणाली. "शेळ्या त हाकलतच होतो मी."

"तुम्हाला कळणार नाही असं वाटलं मला."

"हाव. पन थ्या सायबाले त कळत होतं ना? थो त शिकेल होता. त्याले काऊन नाई सांगतलं?"

शरयूने शेणावरची एक रेघ बोटाने पुसली.

चतुराबाईच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती, गोट्यांबद्दल विचारलं होतं तसंच. "आमाले कळत नाई म्हून नाई सांगतलं. त्याले कळते तरी नाई सांगतलं. मंग तुमी सांगता कोनाले, बाई?"

उत्तर शरयूला माहीत होतं. कोणालाच नाही. खाली फाट्यावर बसचा भोंगा वाजला. मुठीतला गूळ वितळून बोटांना चिकटला होता. तिने हात साडीला पुसला आणि ती तिथेच बसून राहिली. चतुराबाई पुन्हा घागर उचलून पुढच्या रांगेला पाणी घालू लागली.